राख टाकली पण गवताला काळोखी (गडद हिरवा रंग) आली नाही, तरी ३ स्टार देतोय

भट्टीवाल्याकडून गोण्या भरून लाकडाची राख आणली आणि पाणी देऊन वाढवलेल्या गवतावर दोन हंगाम टाकली, म्हणून लिहितोय. युरियाच्या जागी घेत असाल तर नका घेऊ. लाकूड जळताना नत्र (नायट्रोजन, ज्यानं काळोखी येते) उडूनच जातं, मागे उरतं कॅल्शियम, पालाश (पोटॅश), थोडं स्फुरद नि मॅग्नेशियम. मला कुठं माहीत, राख फेकली, दोन पाणी दिली आणि रोज सकाळी बांधावर जाऊन बघत बसायचो काळोखी कधी येतेय ते, गवत आपलं पिवळं ते पिवळंच! मग आणखी शहाणपणा केला, ओलसर राखेत अमोनियम सल्फेट कालवलं, तर असा भपकारा आला की डोळ्यातून पाणी, म्हणजे विकतचं नत्र हवेत गेलं. आता दोन्हीत तीन-चार आठवडे सोडतो.

पण जिथनं दरवेळी चारा कापून बाहेर नेतो, त्या वाफ्यात पालाश पार संपलेलं होतं, तिथं मात्र राखेनं काम केलं आणि दबलेला लसूणघास परत वर आला. हिशेब असा, राखेत पालाश साधारण ५ टक्के धरलं तर १०० किलोत ५ किलो, म्हणजे जवळपास ८ किलो एमओपी (पालाशचं विकतचं खत). वाहून आणायला जवळ असेल तरच परवडतं.

माती तपासल्याशिवाय हात लावू नका. माझा सामू (पीएच) ५.८ होता म्हणून चाललं. राख चुन्यासारखीच सामू वाढवते, आणि बागायती जमीन आधीच चोपण (सोडियमनं बिघडलेली) किंवा खारवट असेल, त्यात विहिरीचं पाणी जड, तर वर राख टाकणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

एक स्टार मालासाठी कापला. गोणीत खिळे, अर्धवट कोळसा आणि प्लायवूडचे तुकडे निघाले, रंगवलेल्या नाहीतर औषध मारलेल्या लाकडाच्या राखेत आर्सेनिकसारखे जड धातू असू शकतात, ती जनावराच्या चाऱ्यावर कशी टाकायची? ती गोणी तशीच परत केली. दुसरा स्टार साठवणीचा, दोन गोण्या पावसात भिजल्या आणि पालाश पाण्याबरोबर निघून गेलं.

वारा पडल्यावर फेका, तोंडाला फडकं नि डोळ्याला चष्मा लावून, आणि लगेच स्प्रिंकलर चालवून पानं धुवून घ्या, तोवर गुरं आत सोडायची नाहीत. राख जास्त झाली तर काही बिघडत नाही असंही नाही, पालाश वाढलं की गवत मॅग्नेशियम कमी उचलतं आणि दुभत्या गाईला झटके येऊ शकतात.