ताळगाव की बेंगळुरू?

दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतली इंटर्नशिप शुक्रवारी संपली, हाताला अजून फॉर्मॅलिनचा वास येतोय, झुआरी नदीतलं प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) मोजून मोजून डोळे गेले आणि घरात आता एकच विषय, पुढे काय. ताळगावला गोवा विद्यापीठात एमएस्सी म्हणजे 2 वर्षं, कदंब बसने ये-जा, घरचं नुस्तें (मासळी), मग नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती लागली तर महिना 37,000. बेंगळुरूच्या आयआयएससीची इंटिग्रेटेड पीएचडी (एमएस्सी आणि पीएचडी एकत्रच) म्हणजे आधी फेब्रुवारीत जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची, एकदा आत गेलं की पीएचडीसाठी पुन्हा प्रवेशाची कटकट नाही, पण बीएस्सीनंतर लगेचच इतकी वर्षं बांधून घ्यायची? (आणि समुद्र कुठाय तिथे!) माझा कल एमएस्सीकडेच, कारण कोपेपॉडला (प्लँक्टनमधला झिंग्यासारखा इवलासा जीव) चिकटलेली अंडी बघायला भारी वाटतं, पण तेच आयुष्यभर मोजायचंय का ते अजून ठरत नाहीये. जॅमचा फॉर्म मात्र भरणारच.