पिकअपचा टायर किती मोठा आणि गाडी किती उंच? विदर्भातील वाटांसाठी एक तुलना

चारही चाकांना जोर देणारी पिकअप घेतलेल्या कास्तकारासमोर पहिला पावसाळा सरला की दोन प्रश्न हमखास उभे राहतात: टायर मोठे घालावेत का, आणि गाडी उचलून घ्यावी का. सामान विकणारे हे दोन्ही एकाच जोडीत विकतात, त्यामुळे ती एकच गोष्ट आहे असा समज होतो. प्रत्यक्षात टायर आणि लिफ्ट (गाडी उचलणे) यांची कामे वेगळी आहेत, त्यांचा खर्च वेगळा आहे आणि त्यांचे तोटेही वेगवेगळ्या ठिकाणी जाणवतात. यांपैकी एकावरच पैसा घालता येणार असेल, तर तो टायरवर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लिफ्ट त्या टायरला लागेल तेवढीच करावी.

कोण काय उचलते

इसुझू व्ही-क्रॉस असो वा टोयोटा हायलक्स, दोन्हींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाट्यांवर बसलेला अखंड ॲक्सल आहे. या मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरचा, जो गोळा असतो, तोच बहुधा गाडीचा जमिनीच्या सर्वांत जवळचा भाग असतो. पाट्यांखाली ठोकळा घालून किंवा नवे पाटे बसवून गाडी कितीही उचलली, तरी वर जातो तो सांगाडा; गोळा होता तिथेच राहतो. त्याला वर नेण्याचा व्यवहार्य मार्ग एकच, आणि तो म्हणजे अधिक व्यासाचा टायर. तोही निम्माच फायदा देतो, कारण व्यास ४० मिलिमीटरने वाढला तर ॲक्सल २० मिलिमीटरच वर जातो.

आपल्याकडच्या पांदण रस्त्यांवर हा फरक महत्त्वाचा ठरतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांमध्ये पिकअपची चाके उतरतात आणि मधला गवताळ उंचवटा नेमका त्या गोळ्याला घासतो. अशा वाटेवर दोन इंच लिफ्ट केलेली, पण कंपनीच्याच टायरवर चालणारी गाडी मूळ गाडीइतकीच अडते. लिफ्टचा उपयोग दुसरीकडे होतो: पुढचा बंपर नाल्याच्या काठाला टेकत नाही, पोट दगडावर बसत नाही आणि मडगार्डमध्ये मोठ्या टायरला जागा मिळते.

मापांची तुलना

व्ही-क्रॉसच्या १८ इंची रिमवरचे २५५/६० आर१८ हे माप आधार धरले, तर गणित असे येते:

| टायरचे माप | व्यास (मिमी) | बाजूची उंची (मिमी) | ॲक्सल किती वर जातो (मिमी) |
|---|---|---|---|
| २५५/६० आर१८ | ७६३ | १५३ | – |
| २६५/६५ आर१७ | ७७६ | १७२ | सुमारे ६ |
| २६५/७० आर१७ | ८०३ | १८६ | सुमारे २० |
| २८५/७० आर१७ | ८३१ | २०० | सुमारे ३४ |

मापातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत सांगतो; तक्त्यातले आकडे त्यावरूनच काढलेले आहेत. प्रत्यक्ष टायर उत्पादकानुसार काही मिलिमीटरने इकडेतिकडे होतो. हायलक्सचे २६५/६० आर१८ हे माप ७७५ मिलिमीटरचे असल्याने त्या मालकाला दुसऱ्या ओळीतून उंचीचा लाभ जवळपास काहीच होणार नाही, मात्र टायरची बाजू १३ मिलिमीटरने वाढेल. बोलेरो कॅम्परवर सर्रास दिसणाऱ्या २१५/७५ आर१५ ऐवजी २३५/७५ आर१५ घेतला, तर व्यास ७०४ वरून ७३४ मिलिमीटरवर जातो, म्हणजे ॲक्सल १५ मिलिमीटर वर येतो. त्या वर्गातील गाडीला याहून पुढे जाण्याचे मला कारण दिसत नाही.

तक्त्यातील तिसरा स्तंभ बहुतेक जण वाचत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. रिम एक इंचाने लहान करून रबराची बाजू वाढवली की हवा कमी करून चालवता येते, दगडाचा मार रिमपर्यंत पोहोचत नाही आणि बैलगाडीच्या वाटेवरचे हादरेही कमी होतात. मात्र १७ इंची रिम पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवर (डिस्क पकडणाऱ्या भागावर) नीट बसते की नाही, हे घेण्याआधी चाक चढवून पाहावे.

व्यास वाढण्याची किंमत इंजिन आणि क्लच भरतात. ८०३ मिलिमीटरचा टायर मूळ मापापेक्षा सुमारे पाच टक्के मोठा आहे. तेवढ्या प्रमाणात चाकावरचा जोर घटतो, आणि मीटरवर ८० दिसताना गाडीचा वेग आधीपेक्षा पाच टक्के जास्त असतो. ८३१ मिलिमीटरला हाच फरक जवळजवळ नऊ टक्क्यांवर जातो. भरलेली पिकअप चिखलदऱ्याच्या चढावर नेणाऱ्याला पाच टक्के सोसवतात. नऊ टक्क्यांत गिअर सतत खाली आणावा लागतो, क्लच लवकर झिजतो आणि डिझेलही वाढते.

माती कोणती, यावर टायर

पश्चिम विदर्भातील काळी कापसाची जमीन पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. वाळूत किंवा मुरमाड चिखलात रुंद टायरचा जो फायदा होतो, तो येथे मिळत नाही. येथे टायरच्या खाचा पहिल्या काही फेऱ्यांतच भरून जातात, त्यानंतर एटी (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा टायर) काय नि एमटी (खास चिखलाचा टायर) काय, चाक गुळगुळीत गोळ्यासारखे फिरते. एमटीच्या खाचा मोठ्या आणि मोकळ्या असल्याने वेग मिळाला तर माती फेकली जाते, पण तो वेग मिळेपर्यंत गाडी फसलेली असते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मुसळधार पावसानंतर दोन दिवस वावरात कोणतीच पिकअप नेऊ नये, हा सल्ला कोणत्याही टायरच्या जाहिरातीपेक्षा खरा आहे.

याच मातीत मोठ्या टायरचा एक उलटा परिणामही होतो. मडगार्ड आणि टायर यांच्यातील अंतर कमी झाले की चिकट माती त्या फटीत साचते, वाळते आणि चाकच जखडते. म्हणून काळ्या मातीच्या प्रदेशात टायरभोवती हात सहज फिरेल एवढी मोकळी जागा राखणे आवश्यक आहे, आणि येथे लिफ्टचे खरे काम तेच आहे. २८५ मिलिमीटर रुंदीचा टायर याच कारणाने मी अकोला, बुलढाणा किंवा यवतमाळच्या शेतवाटांसाठी सुचवणार नाही.

उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते आणि टणक होते. कापलेल्या तुरीची तिरपी खुंटे आणि बांधावरच्या बाभळीचे काटे हे तेव्हाचे खरे शत्रू. काटा टायरच्या तळात शिरतो आणि पंक्चर काढता येते. खुंट बाजूत घुसले तर टायर बहुधा टाकूनच द्यावा लागतो. जाड तळाचा आणि बाजूला अधिक थर असलेला एलटी (हलक्या मालवाहू गाड्यांच्या) वर्गाचा एटी टायर येथे उपयोगी पडतो. त्याचे वजन जास्त असते, पण ते सोसण्याजोगे आहे.

मेळघाटात धारणी आणि सेमाडोहच्या बाजूला बेसॉल्टचे धारदार दगड आहेत, त्यामुळे तेथेही उंच बाजू आणि मजबूत कडा हाच निकष. गडचिरोली, गोंदिया, भंडारा या धानाच्या पट्ट्यात बांध्यांमधला चिखल खोल असला, तरी अनेक ठिकाणी त्याखाली घट्ट थर सापडतो आणि अरुंद, उंच टायर तिथपर्यंत पोहोचतो. वैनगंगेच्या वाळूत नेमके उलट: रुंदी हवी आणि हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवलेली हवी. परत डांबरावर येण्याआधी ती भरण्यासाठी छोटा कॉम्प्रेसर सोबत असलाच पाहिजे. चंद्रपूर-नागपूरकडच्या ४५ अंशांच्या उन्हात कमी हवेचा टायर समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर वेगाने पळवणे म्हणजे तो फुटण्याची तयारी करणे होय. महामार्गावर वारंवार जाणाऱ्याने एमटीचा विचार सोडावा; तो आवाज करतो, तापतो आणि ओल्या डांबरावर ब्रेक लांब घेतो.

लिफ्टच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी सुमारे एक ते दीड इंचाची. बऱ्याच गाड्यांत २६५/७० आर१७ सारखा टायर एवढ्यात बसतो, ड्राइव्हशाफ्टचे कोन फारसे बिघडत नाहीत आणि अलाइनमेंट मूळ मर्यादेत आणता येते. शेतीची वाहतूक हेच मुख्य काम असलेल्यांनी येथेच थांबावे.

दुसरी पायरी दोन इंचांची. भामरागडच्या आतल्या वाटा किंवा मेळघाटातील नाले ज्यांना नेहमी ओलांडावे लागतात, त्यांना पुढच्या कोनाचा, म्हणजे बंपर न टेकता काठ चढण्याचा, लाभ जाणवतो. परंतु या उंचीला पुढचा वरचा आर्म बदलणे, कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा कल) पुन्हा बसवणे आणि ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना, हे पाहणे ओघाने येते. केवळ स्पेसर (स्प्रिंगवर बसवायची चकती) घालून उंची घेतली तर खर्च वाचतो, पण स्प्रिंगची चाल तीच राहते आणि खड्ड्यात चाक खाली लोंबकळले की सांधा शेवटच्या टोकाला आदळतो. स्प्रिंग, शॉकअप आणि पाटे एकत्र बदलणे महाग असले, तरी दोन इंचांसाठी तोच योग्य मार्ग आहे.

तीन इंच आणि त्यापुढची पायरी छायाचित्रात शोभते. ग्रामीण विदर्भातील कोणत्याही नित्याच्या कामासाठी तिची गरज मला पटलेली नाही.

काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भार ओळखून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागचा सांगाडा उचलला की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीला जुळवून घेतली नसेल, तर अशी गाडी कापूस भरून घाटात उतरवू नये. सैल भरलेल्या कापसाचे ओझे उंच जाते, त्यामुळे उचललेल्या गाडीचा तोल वळणावर आधीच नाजूक झालेला असतो.

आणखी एक बाब पुरुष मंडळी विसरतात. दोन इंच लिफ्ट आणि टायरमुळे मिळालेले २० मिलिमीटर मिळून मागचा हौदा जवळजवळ ७० मिलिमीटर वर जातो. वरुड-मोर्शीकडे दिवसभर संत्र्याचे क्रेट चढवणाऱ्या बायांच्या खांद्यांना ती उंची प्रत्येक क्रेटला मोजावी लागते.

पुरासंबंधी एकच सांगतो: हायलक्सची पाण्यातून जाण्याची मर्यादा ७०० मिलिमीटर दिलेली असली, तरी रपट्यावरून वाहणाऱ्या पाण्याचा जोर खोलीवरून कळत नाही, आणि लिफ्टने तो कमी होत नाही.

कायदा आणि क्रम

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्या रूपात आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात कंपनी देते त्या मापाचा टायर घेणे सर्वांत निर्धोक. लिफ्टबाबत परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी.

टायर घेताना त्यावरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी आणि ती हौद्याखालच्या जागेत मावते का, हे पैसे देण्याआधी पाहावे. आधी टायर चढवावेत, गाडीत नेहमीचे ओझे भरावे, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवत गाडी धुऱ्यावरून तिरपी उतरवावी आणि रबर कुठे घासते ते पाहावे. घासत नसेल आणि मातीसाठी जागाही उरत असेल, तर लिफ्टचे पैसे वाचले. घासत असेल तर तेवढी जागा मिळेल एवढीच गाडी उचलावी, त्यानंतर अलाइनमेंट करावी आणि समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत अशा बेताने हेडलाइटचा झोत खाली घ्यावा.