तबकडीचा नंबर विचारा

कॉलेजच्या शॉर्टफिल्मचा विषय 'विविधता आणि संगीत' असेल, तर हे वाचून मगच गाण्याच्या हक्कांचे पैसे पाठवा.

आम्ही मिरज निवडलं होतं. सतारमेकर गल्लीतले शिकलगार कारागीर भोपळ्यापासून तंबोरा घडवतात, तो कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही घराण्याच्या गवयामागं उभा राहतो, आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ तिथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावलेत. पार्श्वसंगीताला खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड, म्हणजे ग्रामोफोनची तबकडी, आणि शेवटी एका स्थानिक कव्वालांचं गाणं, असं ठरलं.

तिथं एक 'कल्चरल को-ऑर्डिनेटर' भेटले. बोलणं मधाळ. "खाँसाहेबांच्या रेकॉर्डचे हक्क माझ्याकडं आहेत. स्टुडंट रेट बारा हजार. नाहीतर कंपनी दावा ठोकेल, बघा. आणि कव्वालांचं मानधनही माझ्याकडंच द्या, त्यांना पैशाचं बोलायला अवघड जातं." लेटरहेड, गोल शिक्का, सगळं होतं. यूपीआय मात्र तिसऱ्याच माणसाच्या नावाचं. तरी आम्ही दोन्हीचे पैसे पाठवले.

एका महोत्सवानं हक्कांचे कागद मागितले तेव्हा बिंग फुटलं. टीममधल्या एकीची मावशी वकील आहे. कागद हातात घेतल्या घेतल्या ती म्हणाली, "अगं, यात तबकडीचा नंबरच नाही. मूळ मालक कोण? मुदत किती?" कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लेखी यावं लागतं. मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षं धरतात.

खरी चलाखी पुढंच आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांचा हक्क केव्हाच संपलाय! १९७० ची रेकॉर्ड असती तर तो आजही जिवंत असता, म्हणून त्यानं घातलेली दाव्याची भीती खरी वाटते. म्हणजे ज्यावर कुणाचाच हक्क उरला नाही त्याचे बारा हजार घेतले, आणि ज्यांचा खरोखर हक्क होता त्या कव्वालांना दमडी दिली नाही. (गाणाऱ्याचा हक्क कलम ३८ मध्ये वेगळा आहे, तो ५० वर्षांचा.) कव्वालांचा फोन आला, "बेटा, ते मानधनाचं कधी जमेल?" बारा हजारांपेक्षा हे जास्त लागलं. त्यांना आम्ही नव्यानं, थेट त्यांच्याच खात्यावर पैसे दिले आणि चित्रीकरण वापरायची लेखी संमती घेतली.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे परत आलेले नाहीत. हाच गृहस्थ आता सांगलीतल्या एका टीमला जुन्या नाट्यपदांचे 'हक्क' विकत होता, लेटरहेड तेवढं नवं. त्यांना आम्ही एकच सांगितलं, तबकडीचा नंबर आणि तुम्हाला हक्क देणाऱ्याचा करार दाखवा म्हणा. त्यांनी विचारलं. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.