केसांसाठी बायोटिनची गोळी : सात महिने घेतल्यावर

गेल्या जूनमध्ये विंचरताना मूठभर गुंतवळ निघायला लागलं, तेव्हा सांगलीतल्या एका मेडिकलमधून बायोटिनची, म्हणजे बी गटातल्या एका व्हिटॅमिनची, डबी आणली. रोज रात्री जेवणानंतर एक गोळी, सात महिने, एकही खाडा नाही.

आधी केसांचं सांगते. नखं तुटायची थांबली, हे खरं. केस मात्र गळायचे तसेच गळत राहिले. डबीवर 10,000 मायक्रोग्रॅम लिहिलंय, म्हणजे 10 मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं साधारण 30 मायक्रोग्रॅम, आणि तेवढं अंडी, शेंगदाणे अशा रोजच्या खाण्यातून मिळून जातं. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, काही होत नाही, असं सगळे सांगतात. पण निघून जाईपर्यंत ते रक्तात असतं, आणि मी रक्त तपासायला दिलं ते नेमकं तेव्हाच.

जानेवारीत फार थकवा यायला लागला म्हणून विश्रामबागच्या एका लॅबमध्ये थायरॉइड तपासला. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, 0.03, फारच कमी; आणि फ्री टी4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, भरपूर वाढलेला. ओळखीच्या एका डॉक्टरांनी फोनवरच रिपोर्ट बघून थायरॉइड वाढलाय म्हणून गोळ्या लिहून दिल्या. सासूबाई म्हणाल्या, "चालू करायच्या आधी एकदा मिरजेला दाखवून ये गं." दुखणं मोठं वाटलं की मिरज गाठायची, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या दिवशी त्यांचं ऐकलं, हे माझं नशीब.

मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी मला तपासलं. नाडी 72. हात पुढे धरायला लावले, बोटांना थरथर नाही. धडधड नाही, घाम नाही, वजन उलट दोन किलो वाढलेलं. "औषधं कुठली चालू आहेत?" मी म्हटलं, काहीच नाही. "केसांसाठी, ताकदीसाठी काही?" तेव्हा कुठे डबी आठवली. मला काही लपवायचं नव्हतं हो, व्हिटॅमिनला मी औषधात धरतच नव्हते.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. बऱ्याच मशीनमध्ये या तपासणीसाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन, ही एकमेकांना घट्ट धरणारी जोडी वापरतात. रक्तातच बायोटिनचा पूर असला तर ते त्या जागा आधीच अडवून बसतं. टीएसएचच्या पद्धतीत जितकं चिकटेल तितका आकडा मोठा, म्हणून तो खोटा कमी येतो. टी4 चा हिशेब उलटा, म्हणून तो खोटा जास्त येतो. दोन्ही मिळून हुबेहूब वाढलेल्या थायरॉइडचं चित्र! सगळ्याच मशीनवर असं होत नाही, आणि लॅबमध्येही मला कुणी गोळ्यांचं विचारलं नव्हतं.

पुढचं ऐकून मात्र पोटात गोळा आला. हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन टेस्टही बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला, त्यात अशा एका रुग्णाच्या मृत्यूचाही उल्लेख होता. आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, स्टेंट बसवलेला आहे. त्यांची नखं ठिसूळ झाली म्हणून याच डबीतल्या गोळ्या मीच महिनाभर त्यांच्या हातावर ठेवत होते. त्या महिन्यात रात्री-अपरात्री त्यांच्या छातीत दुखलं असतं तर? घरी आल्याआल्या त्यांच्या फाइलवर पहिल्या पानावर बायोटिनचं लिहून ठेवलं.

गोळी बंद करून आठवड्याने पुन्हा रक्त दिलं. एरवी दोन-तीन दिवस बंद ठेवली तरी चालतं, माझा डोस मोठा म्हणून आठवडा. टीएसएच 2.6, म्हणजे नॉर्मल, आणि टी4 ही नॉर्मल. थायरॉइडची गोळी एकही घ्यावी लागली नाही. त्याच रक्तात फेरिटिन बघितलं तर 8, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. थकवा त्याचा, आणि केसांचंही मूळ बहुतेक तेच. फेरिटिनसुद्धा बायोटिनमुळे खोटं कमी येऊ शकतं, म्हणून ते मुद्दाम गोळी सुटल्यावरच केलं.

डबी मी उलटसुलट करून वाचली. हिरवा ठिपका आहे, साखर नाही असं लिहिलंय, रक्त तपासणीबद्दल एक ओळ नाही. ती छापायलाच हवी, आणि मी कंपनीला तसं पत्र पाठवलंय. उत्तर अजून नाही. लोहाच्या गोळ्यांना आता तीन महिने झाले, जिना चढताना दम लागत नाही, आणि फणीत निघणारं गुंतवळ निम्म्यावर आलंय.