सोर्स कुठून घ्यावा: पायपीआयचा (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्याचा) एसडिस्ट, म्हणजे तिथे प्रकाशित केलेला सोर्सचा गठ्ठा, की गिटचा टॅग, म्हणजे मूळ रेपॉझिटरीत त्या आवृत्तीवर लावलेली खूण?
लिनक्स डिस्ट्रोसाठी पायथन लायब्ररीचं पॅकेज करताना बरेच जण इथेच अडतात.

मेहनत एसडिस्टमध्ये कमी. आवृत्ती आत लिहिलेलीच असते. टॅगच्या टारबॉलमध्ये (फाइल्सच्या एकत्रित गठ्ठ्यात) गिटचा इतिहास नसतो, त्यामुळे सेटअपटूल्स-एससीएम (गिटवरून आवृत्ती ठरवणारं टूल) वापरणाऱ्या लायब्ररीचा बिल्ड बहुधा अडतो आणि आवृत्ती हाताने सांगावी लागते.

चाचण्यांचं उलट. एसडिस्टमधून टेस्ट्सचा फोल्डर बऱ्याचदा गाळलेला असतो, आणि चाचण्या न चालवता रिव्ह्यू पास करणं मला अजिबात पटत नाही.

विश्वासाचं म्हणाल, तर २०२४ च्या एक्सझेड (फाइल्स कॉम्प्रेस करणारं टूल) प्रकरणात बॅकडोअर (छुपी चोरवाट) बिल्डमध्ये शिरवणारी स्क्रिप्ट फक्त एसडिस्टसारख्या रिलीज टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती.

शुद्ध पायथनची, चाचण्यांसकट येणारी लायब्ररी असेल तर एसडिस्ट पुरे. सायथनने (पायथनसारख्या कोडपासून सी कोड बनवणाऱ्या टूलने) जनरेट केलेल्या सी फाइल्स एसडिस्टमध्ये असतील, तर टॅगच घ्या.