मागच्या ब्रेक डिस्क बदलल्या त्याला आता उन्हाळा आणि पावसाळा उलटून गेला : वापरानंतरचा अनुभव

उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीच्या मागच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) आणि त्यांना दाबून गाडी थांबवणारे पॅड बदलले. त्यानंतर जळगावचं ऊन झालं, काळ्या मातीचा चिखल झाला, आता थंडी पडलीय. मुद्दामच इतके महिने थांबलो. नवे ब्रेक सुरुवातीला सगळ्यांनाच चांगले वाटतात. डिस्क नीट बसली की नाही हे काही हजार किलोमीटर गेल्यावर कळतं.

गाडी जुनी डिझेल सेडान, चारही चाकांना डिस्क. सकाळी रिव्हर्स घेताना मागून खरखर यायची आणि हँडब्रेक बराच वर ओढावा लागायचा. अलॉय चाकाच्या फटीतून पाहिलं तर डिस्क चकचकीत. गॅरेजवाल्या भाऊंनी चाक उतरवलं आणि म्हणाले, "बाहेरनी बाजू काय देखतस भाऊ, मझारनी देखा." आतल्या बाजूला कडेने गंजाचा जाड पट्टा होता. पॅड जेमतेम अर्ध्या रुंदीवर टेकत होता.

मागची डिस्क झिजून जाण्याआधी गंजून जाते, हे मला पटलं ते तेव्हा. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे बरंचसं काम पुढचेच ब्रेक करतात. त्यात आपले जळगाव-भुसावळ, जळगाव-धुळे रस्ते सपाट आणि सरळ. डिस्क बिडाची, पावसात भिजून गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की गंज चढतो, आणि तो घासून निघेल एवढा दाब मागच्या पॅडला मिळतच नाही.

लेथवर घासून घ्या, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. माझ्या डिस्कची नवी जाडी १० मिमी, किमान ८ मिमी. मोजली तर किमानच्या जरा वर होती. घासली असती तर खाली गेली असती. शिवाय एक बाजू नवी, एक जुनी असंही करू नये. दोन्ही चाकांवर ब्रेक सारखा लागला पाहिजे. जोडी घेतली ती गंज रोखणाऱ्या कोटिंगची, ब्रेम्बो कंपनीची.

गॅरेज ठरवताना मी एकच प्रश्न विचारत होतो : पिस्टन, म्हणजे पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या, आत कसा घालणार? हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरमध्येच (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या पकडीत) असेल, तर पिस्टन सी-क्लॅम्पने, म्हणजे शिकंजाने, सरळ दाबायचा नसतो. तो सहसा अवजाराने फिरवत फिरवत आत न्यावा लागतो, नाहीतर आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी त्याची मोटर मागे घ्यावी लागते, बहुतेकदा स्कॅनर लावून. ज्याने हे न अडखळता सांगितलं, त्याच्याकडेच गाडी दिली.

खरं काम पुढेच होतं. डिस्क धरणारा छोटा स्क्रू गंजून घट्ट बसलेला. तेल मारून, थांबून, इम्पॅक्ट ड्रायव्हरने सुटला. मग भाऊंनी हबची, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाची, सपाट बाजू वायर ब्रशने घासायला घेतली आणि लोखंड उघडं पडेपर्यंत सोडली नाही. इथे गंजाची पापडी राहिली तर डिस्क किंचित तिरकी बसते. फिरताना कडेला ०.०५ मिमीचा हेलकावा म्हणजे नखाएवढाही नाही, पण प्रत्येक फेऱ्याला पॅड त्याच जागी घासत राहतो, डिस्कची जाडी जागोजागी कमीजास्त होते आणि काही महिन्यांनी पेडल पायाखाली थरथरू लागतं. मग लोक डिस्कच्या कंपनीला दोष देतात. कॅलिपरच्या दोन्ही सरकत्या पिनाही काढून, पुसून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावून बसवल्या. एक पिन जवळपास जाम होती. हबची साफसफाई आणि या पिना, मी तरी ब्रँडच्या वर ठेवीन.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारला नाही. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून हळूहळू पंधरा-वीसपर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये गार होऊ द्यायचं, असं वरचेवर केलं.

आता आजची स्थिती. दिवाळीनंतर संभाजीनगरहून येताना कन्नड घाट उतरलो, खालच्या गिअरमध्ये, भरलेली गाडी. पेडल एकदम शांत. चाळीसगावला थांबून मागच्या दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहिला, धग सारखीच होती. हँडब्रेक थोड्याच टकटकीत धरतो. पावसाळ्यात रात्रीतून डिस्कवर तांबूस थर यायचा, तो पहिल्या एक-दोन ब्रेकमध्ये पुसला जायचा, एवढं चालायचंच. कोटिंग जिथे पॅड लागत नाही तिथे, मधल्या टोपीवर आणि कडेला, अजून राखाडी आहे. कोटिंगचे जास्तीचे पैसे मला वसूल वाटतात.

नुकतीच चाकं काढून पाहिली. आतला-बाहेरचा पॅड सारखाच झिजलाय, म्हणजे पिना मोकळ्या आहेत. ब्रेक ऑइलला मात्र दोन वर्षं होत आली. हे डॉट ४ प्रकारचं ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून पुढच्या उन्हाळ्याआधी ते बदलणार आहे. त्याच वेळी पिना पुन्हा एकदा काढून पाहायला सांगेन.