पिफ, इफ्फी की युनिका? सोलापूरच्या हौशी फिल्मवाल्यांसाठी

सुट्टी एकच, पैसे मोजके, आणि मोबाइलवर का होईना एखादी शॉर्टफिल्म स्वतः केलेली. अशा सोलापूरकराने कुठला महोत्सव गाठावा? चांगला सिनेमा हवा असेल तर पुण्याचा पिफ किंवा पणजीचा इफ्फी, त्यात वाद नाही; तिसरा युनिका म्हणजे हौशी फिल्मवाल्यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव. इथे फक्त माणसं कुठे जास्त भेटतात ते बघू.

पुण्याचा पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सगळ्यात सोपा. 2002 पासून चालू आहे आणि त्याचे सूत्रधार डॉ. जब्बार पटेल पंढरपूरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली की दुपारचा खेळ सहज मिळतो. अडचण वेगळीच आहे. शेवटचा सिनेमा संपला की लोक चहाच्या टपरीवर तासभर भांडतात, आणि आपण मात्र हडपसरच्या भाच्याकडे जेवायला निघालेलो असतो. नातेवाइकांचं गाव असलं की नव्या ओळखींना वेळ उरत नाही. शिवाय तारखा कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत. जानेवारीत आल्या की सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सोडून जायला घरचे तयार नसतात.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून पणजीत, नोव्हेंबरमध्ये भरतो. तिथली खरी मजा रांगेत. केरळचा फिल्म सोसायटीवाला, बंगालचा निवृत्त मास्तर, पुण्याची पोरं, सगळे त्याच रांगेत ताटकळत असतात. पण पडदे अनेक, बुकिंग ऑनलाइन, त्यामुळे सकाळी भेटलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्याच थिएटरात. त्याने पाहिलेलं तुम्ही पाहिलेलं नसतं. दिग्दर्शक येतात, चार प्रश्नांची उत्तरं देतात आणि गाडीत बसून जातात.

आता युनिका. व्यवसाय म्हणून नव्हे तर आवडीखातर फिल्म करणाऱ्यांची ही आंतरराष्ट्रीय संघटना 1937 सालची. तिचा महोत्सव दरवर्षी वेगळ्या देशात भरतो, बहुतेकदा युरोपात, आणि साधारण आठवडाभर चालतो. देशोदेशीच्या संघटना आपापला कार्यक्रम घेऊन येतात. सगळे एकाच सभागृहात तेच पाहतात, त्यामुळे जेवताना शेजारी कोणीही बसला तरी बोलायला विषय तयार. ज्याच्या फिल्मवर तुम्ही नाक मुरडलं तो मागच्याच खुर्चीत असू शकतो, हे मात्र लक्षात ठेवा.

परीक्षक बंद खोलीत बसत नाहीत. फिल्मवरची त्यांची चर्चा सगळ्यांसमोर होते. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धेत निकालानंतर जे बाहेर पुटपुटलं जातं, ते इथे स्टेजवर चालतं. मिनिटभराच्या फिल्मचा चषकही असतो: दोन-दोन फिल्म समोरासमोर, प्रेक्षक मत देतात, हरलेली बाद. त्या वेळी सभ्य म्हातारेही शिट्ट्या मारायला कमी करत नाहीत.

पहिले दोन दिवस एकटं वाटेल. बरेचजण वर्षानुवर्षं येणारे, जोडीदाराला घेऊन आलेले, वयाने साठीच्या पुढचे, एकमेकांना ओळखणारे. मधे सहलीचा दिवस असतो, आणि खऱ्या ओळखी होतात त्या त्या बसमध्ये. त्यानंतर सगळं लग्नघरासारखं. भाषा फ्रेंच, जर्मन, इंग्रजी. पण एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकत वाढलेल्या माणसाला मोडक्यातोडक्या भाषेत गप्पा मारायची लाज कसली? भेट म्हणून सोलापुरी टॉवेल न्या. चादर मनात असेल, पण ती बॅगेचं वजन खाते.

खर्चाची बाजू कडू आहे. युरोपात भरला तर शेंगेन व्हिसाचे (तिथल्या बऱ्याच देशांना एकच चालतो) 90 युरो, किमान 30,000 युरोचा प्रवास विमा, विमानभाडं, वर राहणं-जेवण. त्यात पुण्याचे कितीतरी पिफ होतील. फिल्मचा दर्जाही खालीवर असतो: एखादी थक्क करते, पुढची कुणाच्या तरी सुट्टीच्या चित्रीकरणासारखी निघते. आणि फिल्म सहसा त्या-त्या देशाच्या संघटनेमार्फत जाते, तेव्हा पहिल्या खेपेला प्रेक्षक म्हणूनच जायची तयारी ठेवा.

माझं मत विचाराल तर पंचविशीतल्या, या धंद्यात शिरू पाहणाऱ्या पोराने युनिकाच्या नादी लागू नये. त्याला इफ्फीच्या रांगेतले आणि पिफच्या टपरीवरचे लोकच उपयोगी पडतील; फक्त पुण्यात त्याने भाच्याकडे न जाता थिएटरजवळच्या लॉजवर उतरावं. नोकरीतून मोकळे झालेल्या, सणासुदीला कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या नवरा-बायकोने मात्र युनिकाचाच विचार करावा. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा, आणि व्हिसाची तारीख उन्हाळ्याच्या गर्दीआधी घ्या.